रिटर्न तिकिटाच्या तारखेनं डोंगर चढू नका

आर्वी तालुक्यातल्या चार दोस्तांचा प्रश्न आहे. वयं चोवीस ते सत्तावीस. तिघांची शेती, चौथा तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरवर बसतो आणि त्याचं वजन ९८ किलो. पाठीवर बॅग घेऊन पंधरा दिवस नेपाळ फिरायचं, अन्नपूर्णा बेस कॅम्पपर्यंत चालत जायचं आणि माणशी ३०,००० रुपयांत बसवायचं. कोणत्या महिन्यात जावं, गाइड न घेता भागेल का, बॅगेत काय भरावं, हे विचारून शेवटी लिहिलंय: ‘भाऊ, आमच्यातल्या कोनंच पहाड पाह्यला नाही, जमन का आमाले?’

पहाड पाहिला नाही हे काही मी मानत नाही. नागपंचमीच्या आधी पचमढीला नागद्वारची यात्रा भरते तेव्हा आपल्याकडून गाड्या भरभरून माणसं जातात. पावसात, चिखलात, लोखंडी शिड्यांवरून रात्रंदिवस चालतात. महाशिवरात्रीला चौरागडावर नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढणारा एखादा काका तुमच्याही गावात असेलच. बॅकपॅकिंग म्हणजे त्याहून निराळं काही नाही. फरक आहे तो उंचीचा. सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक धूपगड, ते १,३५० मीटर. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटर. पाय तेच, छाती तीच, पण हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. तेवढं एक सांभाळलं तर जमन.

मी चांदूर बाजारकडचा, संत्र्याचा बगीचा आहे. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला आणि तेव्हापासून गावातली, नात्यातली पोरं घेऊन अकरा वेळा नेपाळात गेलो. त्यातल्या सात खेपा अन्नपूर्णेच्या बाजूला. सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या खेपेला केली, ती आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात मला तीच दिसून राहिली.

आम्ही सहा जण होतो. गोरखपूरहून परतीचं रिझर्वेशन पक्कं होतं, गुरुवारचं. वाटेत पावसानं एक दिवस खाल्ला. मग मी शहाणपणा केला. दोवान नावाच्या मुक्कामावरून, म्हणजे २,६०० मीटरवरून, एका दिवसात थेट बेस कॅम्प गाठायचा ठरवला. दीड हजार मीटरची चढाई. पोरं तरणीबांड, संध्याकाळी पोहोचलीसुद्धा. आमच्यातला एक मास्तर दुपारपासून गप्प होता. डोकं दुखतंय हे त्यानं सांगितलंच नाही. का? तर ‘माह्यामुळं सगळ्यायची गाडी चुकन’ म्हणून. जेवला नाही, थकला असेल असं आम्ही समजलो. रात्री तीन वेळा ओकला. सकाळी मी त्याला फरशीच्या एका रेघेवर टाचेला बोट लावत चालायला लावलं, तर दोन पावलांत कलंडला. दारू न पिता दारुड्यासारखं चालणं याचा अर्थ मेंदूवर सूज यायला लागली. तिथे थांबायचं नसतं. दोन्ही खांद्यांना दोन माणसं देऊन त्याला लगेच खाली आणला. वाटेतल्या देउरालीला पोहोचेपर्यंत तो बोलायला लागला, संध्याकाळी दोवानला डालभात मागून खाल्ला. नशीब म्हणायचं. आणि गुरुवारची गाडी? ती चुकलीच.

तेव्हापासून माझा एकच हेका आहे. दोस्तांच्या टोळीत सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे परतीचं तिकीट. त्याच्यापायी माणूस दुखणं लपवतो, बाकीचे डोळेझाक करतात, आणि सगळे एकमेकांचे दोस्त असल्यामुळे ‘आता मागं फिरू’ हे कोणालाच म्हणवत नाही. म्हणून पंधरा दिवस म्हणता तिथे सतरा धरा. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून सोनौलीची बॉर्डर, पलीकडे भैरहवाला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पोखरा: जायला तीन दिवस, यायला तीन. पोखऱ्यात परमिटचा एक. चालण्याचे आठ. झाले पंधरा, आणि मोकळा एकही नाही. वरचे दोन दिवस कोणाच्या डोकेदुखीसाठी, पावसासाठी, दरड कोसळून बंद पडलेल्या रस्त्यासाठी. लागले नाहीत तर त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो. सतरा दिवस घरून मिळतच नसतील तर बेस कॅम्पचा नाद सोडा आणि घोरेपानी–पुनहिल करा. ३,२१० मीटर, चार-पाच दिवसांत होतं, धौलागिरी आणि अन्नपूर्णा दोन्ही समोर दिसतात. त्यात कमीपणा काही नाही. उल्लेरीच्या तीन हजारांहून जास्त पायऱ्या चढताना तसंही कोणी ‘सोपं आहे’ म्हणत नाही.

आता आठ दिवस कसे लावायचे. पोखऱ्याहून जीपनं जाऊन पहिला मुक्काम घान्द्रुक, साधारण २,००० मीटर. दुसरा छोम्रोङ, २,१७०. तिसरा दोवान. चौथा देउराली, ३,२०० च्या वर. पाचवा माछापुच्छ्रे बेस कॅम्प, ३,७००. सहाव्या दिवशी पहाटे बॅगा तिथेच ठेवून दोनेक तासांत अन्नपूर्णा बेस कॅम्प, पोटभर पाहायचं, आणि त्याच दिवशी खाली देउरालीला उतरायचं. सातव्या दिवशी परत छोम्रोङच्या अलीकडे, आठव्या दिवशी झिनूच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून पोखरा. पुष्कळ लोक देउरालीवरून एका दिवसात बेस कॅम्प गाठून तिथेच झोपतात. ती ९०० मीटरची उडी होते. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, असा नियम आहे. किती चढलात यापेक्षा कुठे झोपलात याला महत्त्व.

विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे अंगाकडे पाहून कळत नाही. पहिलवान पडतो आणि त्याची आजी चालत राहते. डोकं दुखणं, अन्नावरची वासना जाणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. इतपत असेल तर आहे तिथेच मुक्काम, वर नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्याबरोबर फेस आला किंवा चालताना तोल गेला तर रात्र असो की पाऊस, खाली. औषध एकच, उतरणं. तिकडचे लोक याला ‘लेक लाग्यो’ म्हणतात; लेक म्हणजे उंच डोंगर. डायमॉक्सची गोळी मिळते, आधीपासून घेतली तर उपयोगही होतो, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याला चालत नाही. म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय दोस्तानं दिली म्हणून खायची नाही. कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर न्या. मात्र तिथे ८५ दिसलं म्हणून घाबरू नका आणि ९० दिसलं म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका. मशीनपेक्षा माणूस पाहा.

यापुढचं बाहेरच्या पुस्तकांत ठळक लिहिलेलं नसतं, पण आपल्या भागातल्या माणसानं ते आधी वाचावं. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा पिढीजात आजार. विदर्भात त्याचं प्रमाण किती आहे हे तुम्हाला सांगायला नको, प्रत्येक गावात दोन-चार घरं माहीत असतात. ज्याला आजार आहे त्यानं अशा उंचीवर जायचंच नाही. पण जो नुसता वाहक आहे, त्याला आयुष्यभर काहीच त्रास नसतो, बहुतेकदा आपण वाहक आहोत हेही ठाऊक नसतं. अशा माणसाच्या प्लीहेला उंचीवर, कमी ऑक्सिजनमध्ये, घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालं की इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली एकदम कळ येते आणि सगळे समजतात गॅस झाला. म्हणून चौघांचीही तपासणी करून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आमच्या एका टोळीत एक जण असाच वाहक निघाला. डॉक्टरनं उंचावर नको म्हटलं. तो घान्द्रुकपर्यंत आला, तीन दिवस तिथे राहिला, गुरुंग लोकांच्या शेतात कोदो, म्हणजे नाचणी, कापायला गेला आणि आमच्यापेक्षा जास्त नेपाळ पाहून परत आला.

९८ किलोच्या दोस्ताबद्दल. वजनामुळे तो चढणार नाही असं नाही, हळू चढेल. खरा प्रश्न गुडघ्यांचा आहे आणि तोही उतरताना. छोम्रोङपासून नदीपर्यंत उतरायला पायऱ्याच पायऱ्या आहेत, आणि येताना, सगळं संपलं असं वाटत असताना, त्याच चढायच्या आहेत. त्याला दोन काठ्या द्या, विकतच्या नाहीतर आपल्या बांबूच्या. आणि एक करा: चालताना त्याला सगळ्यांत पुढे ठेवा. सपाटीवरची पोरं नेमकं उलटं करतात. तिघं पुढे पळतात, पुढच्या वळणावर बसून त्याची वाट पाहतात, तो धापा टाकत पोहोचला की ‘चला’ म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज त्यालाच विसावा नाही. बंडी जोडताना आपण नवा गोऱ्हा म्हाताऱ्या बैलाच्या चालीनंच चालवतो ना, तसं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे. ‘बिस्तारै’ हा शब्द तिथे दिवसातून पन्नास वेळा ऐकाल. हळू.

तयारीला तीन महिने हवेत. आर्वी समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर, तिथे चढ कुठून आणायचा? गावातल्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या, शाळेचा जिना, धरणाची भिंत. पाठीवर आधी पाच किलो, मग आठ किलो सोयाबीन घेऊन आठवड्यातून चार दिवस तासभर. महिन्यातून एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्याला या, गाविलगड चढा-उतरा. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे विरळ हवेची सवय तिथे होणार नाही. पण मांड्यांना उतार कळेल. बूट आत्ताच घ्या आणि वावरात जातानाही तेच घाला. नवे बूट घालून पोखऱ्याला उतरलेला माणूस तिसऱ्या दिवशी फोड मोजत बसतो.

महिना ठरवताना तिकडचं आभाळ आणि इकडचं शेत, दोन्ही पाहावं लागतं. जून ते सप्टेंबर नाव काढू नका. जुका, दरडी, आणि डोंगर ढगात. पोखऱ्याहून घान्द्रुककडे जाताना लुमले लागतं, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे वर्षाचा सगळा मिळून हजाराच्या आसपास. सगळ्यात स्वच्छ आभाळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पण ऑक्टोबरात तुमचं सोयाबीन उभं, पाठोपाठ हरभऱ्याची पेरणी, आणि तिकडे दसैंचा सण, म्हणजे बसा भरलेल्या आणि पोर्टर आपापल्या गावी गेलेले. मी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सांगेन. सोयाबीन घरात आलेलं असतं, हरभरा उगवलेला असतो. कपाशीचा वेचा आणि ओलिताची रात्रपाळी उरते, ती कोणाच्या गळ्यात टाकून जाता हे आधीच ठरवा. घरी न सांगता रात्रीच्या लाइनवर म्हाताऱ्या बापाला मोटार लावायला ठेवून कोणी हिमालयात जाऊ नये. थंडी असते, वर रात्री पारा शून्याच्या दहा अंश खाली जातो. पण पहाटे आभाळ काचेसारखं.

दुसरी वेळ मार्चअखेर ते एप्रिल. हरभरा-गहू निघालेला, माणूस मोकळा. जंगलात लालीगुराँस फुललेलं असतं, आपल्या पळसासारखंच डोंगर पेटल्यागत दिसतो. पण दुपारनंतर ढग येतात, खाली वणव्याचा धूर असतो, आणि मुख्य म्हणजे हिमालय नावाचा मुक्काम सोडल्यापासून माछापुच्छ्रे बेस कॅम्पपर्यंतच्या घळीत वरच्या बर्फाच्या लोंढ्यांची भीती. तुम्ही ज्या उतारावर चालता तिथे बर्फ नसला तरी तो वरून, न दिसणाऱ्या कड्यावरून येतो. २०२० च्या जानेवारीत तिथेच कोरियन ट्रेकर आणि त्यांच्यासोबतचे नेपाळी लोक गाडले गेले. त्या पट्ट्यातून सकाळी ऊन चढायच्या आत निघून जायचं, फोटोला थांबायचं नाही, आणि गावकरी ‘आज नको’ म्हणाले तर नको.

आणखी एक सवय लावून घ्या. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की आपण सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायला धावतो. तीच बातमी नेपाळातही ऐकायची असते. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळ विशाखापट्टणमजवळ धडकलं. दोन दिवसांनी त्याचाच उरलेला ओलावा अन्नपूर्णेच्या पलीकडच्या थोरोंग ला खिंडीत, ५,४१६ मीटरवर, बर्फ होऊन कोसळला आणि त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. आंध्रच्या किनाऱ्यावरचं वादळ हिमालयात माणसं मारतं, हे शेतकऱ्याच्या पोराला पटायला हवं.

पैशाचा हिशेब करू. आपला एक रुपया म्हणजे नेपाळचे १.६०, हा दर बांधलेला आहे. तुमचे ३०,००० म्हणजे तिकडचे ४८,०००. वाटेवर राहणं-खाणं दिवसाला माणशी तीन हजार नेपाळी धरा. खोली स्वस्त असते, जेवण महाग, आणि जसजसं वर जाल तसा भाव वाढतो, कारण प्रत्येक सिलिंडर आणि तांदळाचा दाणा माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवर चढतो. आठ दिवसांचे २४,०००, म्हणजे आपले १५,०००. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट आणि ट्रेकरचं कार्ड, सार्क देशांच्या माणसाला एक-एक हजार, म्हणजे आपले १,२५०. गाइडचे दिवसाला साडेतीन हजार धरले तर चौघांत वाटून आपले ४,३७५. रेल्वे, बस, जीप ४,०००. भैरहवा-पोखऱ्यातला मुक्काम ४,०००. बेरीज २८,६२५. खिशात उरले तेराशे पंच्याहत्तर. त्यात मोकळे दोन दिवस बसत नाहीत, भाड्याचं जॅकेट बसत नाही, विमाही बसत नाही. अडतीस हजार धरा. विमा काढताना ४,५०० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर त्यात लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या. हेलिकॉप्टरचं बिल लाखांत जातं. उलट गरज नसताना डोकेदुखीवाल्याला हेलिकॉप्टरमध्ये बसवून विमा लुटायचे धंदेही झालेत, २०१८ मध्ये नेपाळ सरकारनं त्याची चौकशी केली होती.

गाइड घ्या. वाट दगडी पायऱ्यांची आहे, सहसा चुकत नाही. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे गावाच्या आणि लॉजच्या पाट्या तुम्ही फडाफडा वाचाल, हिंदी बहुतेकांना कळतं. तरीही घ्या. २०२३ पासून परदेशी ट्रेकरला गाइड सक्तीचा केला आहे, हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की तो तुमचा दोस्त नाही. तुमच्यातला एक ‘बरा आहे बे मी’ म्हणेल, दुसरे दोघं ‘थोडंच राह्यलं’ म्हणतील, तेव्हा परतीच्या गाडीशी काही देणंघेणं नसलेला एक माणूस ‘आज यहीं रुकेंगे’ म्हणायला लागतो. आमच्या मास्तरच्या वेळी मी पैसे वाचवायला गाइड घेतला नव्हता. पोर्टर घेतलात तर त्याच्या पाठीवर वीस किलोच्या वर लादू नका आणि त्याच्याजवळ गरम कपडे, बूट आहेत का ते निघायच्या आधी पाहा.

कागदांचं थोडक्यात. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड, तेही अस्सल. तुमच्या वयाच्या माणसाला नुसतं आधार चालत नाही. सोनौलीला कोणी विचारलं नाही म्हणून हसू नका, परमिटच्या खिडकीवर विचारतात. फोटो चार-चार ठेवा. नोटा शंभरच्या न्या, मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात. पोखऱ्यात बऱ्याच ठिकाणी क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, डोंगरात रोकडच. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. भैरहवाहून पोखऱ्याची बस शक्यतो दिवसाची धरा. बुटवलच्या पुढे सिद्धबाबाचा तुकडा आहे, वरून दगड येतात, रात्री तो रस्ता कशाला?

बॅग आठ किलो, फार तर नऊ. कृषी केंद्राच्या काट्यावर मोजा, अंदाजानं नको. आणि कापूस पिकवणाऱ्या माणसानं हे सांगताना जीभ अडखळते, पण अंगालगत सुती कपडा घालू नका. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. इथे उन्हाळ्यात तो गुण, तिथे थांबल्याबरोबर तोच ओला बनियन छाती गारठवतो. क्रिकेटच्या जर्सीचं सिंथेटिक कापड आत, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर वाराबंद जॅकेट. फुगीर जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पोखऱ्याच्या लेकसाइडला भाड्यानं मिळतात, विकत घेऊ नका. बाकी कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे तीन जोड, डोक्याला लावायची बॅटरी, गॉगल, बॅगेसकट झाकणारा रेनकोट, पाणी शुद्ध करायचे थेंब, ओआरएस. प्लास्टिकच्या पाणीबाटल्या छोम्रोङच्या वर बंद आहेत, स्टीलची बाटली न्या. जीन्सची पँट घरी ठेवा. ब्लूटूथ स्पीकर नेला तर मी ओळख दाखवणार नाही.

खाण्यात डालभात. पहिल्या ताटाचे पैसे, पुढची वाढणी बहुतेक ठिकाणी फुकट, दोन वेळा तेच खा. घरून शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी न्या, चौथ्या दिवसापासून तिला सोन्याचा भाव येतो. छोम्रोङच्या पुढे मांस नेत नाहीत. तो देवीचा डोंगर आहे अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे, ती पाळा. दारूचं मुद्दाम लिहितो, कारण तुम्ही वर्धा जिल्ह्यातले, दारूबंदीतले. बॉर्डर ओलांडल्यावर दुकानं उघडी दिसली की काही पोट्टे एकदम मोकळे सुटतात. वर जाताना एक थेंबही नाही. उंचीवर दारूनं झोपेतला श्वास आणखी मंदावतो आणि सकाळची डोकेदुखी कशाची हे कळायला मार्ग राहत नाही. परत पोखऱ्यात आल्यावर तुमचं तुम्ही पाहा.

माणसांशी ‘दाई’, ‘दिदी’ म्हणून बोला. घान्द्रुकच्या भागात घरटी कोणी ना कोणी फौजेत गेलेलं असतं, त्यात आपल्या फौजेतले पेन्शनरही खूप. एका लॉजमध्ये चुलीशेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं मला गाव विचारलं. अमरावती त्याला कळेना. मी नागपूर म्हटलं, वर्धा म्हटलं, तसा तो ताठ झाला. ‘पुलगाव डिपो? दो साल था मैं. अब भी उतनी ही गरमी पड़ती है?’ त्या रात्री आम्हाला चुलीजवळची जागा मिळाली.

दोस्तीचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण टोळ्या डोंगरामुळे कमी आणि यामुळे जास्त फुटतात. काँट्री आधीच काढा, माणशी ठरलेली रक्कम एकाच्या हाती द्या, रोज रात्री वहीत लिहा. कोणी जास्तीचा चहा प्याला यावर देउरालीला भांडणारे मी पाहिलेत. जोड्या लावा, आणि रोज सकाळी जोडीदाराला तीन गोष्टी विचारायच्या: झोप लागली का, जेवलास का, लघवी साफ झाली का. उत्तर खोटं द्यायचं नाही, याची आणभाक पोखऱ्यातच. खाली चला, असं चौघांतल्या एकानं म्हटलं तरी तो निर्णय झाला, त्यावर मतदान नाही. उतरणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. आणि परतीचं रिझर्वेशन सतरा दिवसांच्या हिशेबानंच करा. आधीच्या गाडीचंही काढून ठेवायचं असेल तर काढा, रद्द करताना थोडे पैसे कापले जातील. मास्तरला उचलताना आमचे किती कापले गेले ते मी मोजलं नाही.

मोकळे दोन दिवस उरलेच तर पोखऱ्याहून जीपनं मुक्तिनाथ. दोन दिवसांत घाईचं होतं, पण होतं. अन्नपूर्णेच्या मागच्या अंगाला पाऊसच पोहोचत नाही. लुमल्याचे पाच हजार मिलिमीटर, तर डोंगरापलीकडच्या जोमसोमला तीनशेच्या आत. हवेतून मोजलं तर ही दोन गावं पन्नास-साठ किलोमीटरवर. सगळा उघडा, पिवळा, करडा मुलूख. सकाळी दहा-अकरानंतर कालीगंडकीच्या खोऱ्यातून असा वारा सुटतो की विमानं सकाळीच उडून घेतात. त्याच नदीत शाळिग्राम सापडतात. तुमच्या आजीच्या देवघरात जो काळा गुळगुळीत गोटा आहे तो बहुधा तिथलाच. फोडलेला पाहिला तर आत शंखासारखी वळी दिसते, ती समुद्रातल्या जीवाची. हिमालय उठायच्या आधी तिथे समुद्र होता. मी पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा वारा इतका होता की कोणाला काही सांगता आलं नाही, नुसतं एकमेकांना दाखवत राहिलो.

तर आत्ता पासपोर्ट-मतदार कार्डं शोधा, आणि चौघंही सिकलसेलच्या तपासणीला जा. रिपोर्ट आले की कळवा, मग तारखा पाहू.